बादलीला फेस आला नाही

“पंधरा-सतरा दिस झालं, ह्या घरात दही लागंना,” खिडकीच्या आतून म्हातारीची कुरकुर चालली होती. “विरजण बदललं, भांडं बदललं, चुलीशेजारी ठेवलं, घोंगडीत गुंडाळलं. सकाळी बघावं तर दूध ते दूधच.”

“आत्याबाई, हळू. बाहेर माणसं बसल्यात,” दुसरा आवाज, घाईतला.

“बसू द्यात की. त्यांनी काय दही खाल्लं न्हाय?”

ओसरीवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जोतीराम शितोळे अवघडून बसला होता. पस्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला थांबायची सवय असते, पण ती स्टँडवर. लोकाच्या ओसरीवर पाऊण तास म्हणजे जरा जास्तच होतं. त्याची बायको जयवंता मात्र खिडकीकडे पाठ करून शांत बसली होती. तिचे डोळे अर्धे मिटले होते. म्हणजे ती ऐकत होती.

“झोपलीस का गं?”

“गप बसा. दही लागत नाहीये,” ती पुटपुटली.

जोतीरामने वेळ घालवायला भिंतीवरचे फोटो मोजले. सतरा निघाले. सतराच्या सतरा फोटोंत मोहनराव. कुठे फेट्यात, कुठे शालीत, कुठे हातात काकडी धरून. एका फोटोत मोहनराव निळ्या ड्रमाशेजारी छाती काढून उभे होते आणि ड्रमाचं झाकण उचलून धरलेला एक हात तेवढा कडेने आत आला होता. हिरव्या बांगड्यांचा हात. बाकीची बाई फोटोबाहेर होती.

फाटकावर पाटी होती, तिच्यावरही मोहनरावच: ‘विषमुक्त शेती, औषधमुक्त गोठा.’

काटेवाडीच्या पुढे इंदापूरच्या वाटेवर, पाटाच्या कडेला ही वस्ती. मागे गोठा, गोठ्यात पाच गाई. पाटापलीकडे वीस गुंठ्यांचं पॉलिहाउस.

घाईच्या आवाजाची बाई चहा घेऊन बाहेर आली. मोहनरावांची बायको, अनिता. चहा कोरा होता.

“आमच्याकडं कोराच पित्यात,” ती कपाकडे बघत म्हणाली.

मागच्या गोठ्यात एक गाय हंबरली. जोतीरामने कोऱ्या चहाकडे अशा नजरेने पाहिलं, की कुणाला वाटावं घरातलं कुणी गेलं.

तेवढ्यात मोहनराव आले. थेट जोतीरामचा हात धरला. “या पाव्हणं! तुमचं लय नाव ऐकलंय. बारामतीत डिटेक्टिव्ह म्हणलं की शितोळे.”

“मी एसटीत ड्रायव्हर होतो,” जोतीराम ओशाळून म्हणाला. “डिटेक्टिव्ह ह्या.”

शेजारच्या सीटवर कुणी पिशवी ठेवावी आणि आपण ती सरकवायला बघावं, तसं मोहनरावांनी जयवंताकडे पाहिलं. चोपन्न वर्षांची, जाड चष्म्याची, सुती साडीतली बाई. वीस वर्षं तिने विमा कंपनीसाठी मेलेली जनावरं आणि बुडालेली पिकं तपासली होती. आता शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून ती लोकांच्या होणाऱ्या जावयांच्या चौकशा करी. जनावरं बरी होती, असं तिचं मत होतं.

“बाईंना लिहिता येतं न्हवं? मग झालं,” मोहनराव बसले. “काम सोपं हाय. गुन्हेगार कोण ते मी सांगतो. तुमी लेटरहेडवर लिहून द्यायचं.”

“सांगा,” जयवंता म्हणाली.

“तीन वरसं माझी काकडी बिनरसायनाची हाय. जिवाणूंवर. चांगलं जिवाणू सोडायचं, ते भुरीला, बुरशीला वर येऊ देत न्हाईत. सगळा माझा प्रयोग. लोकं बसनं बघाय येत्यात. आन् गेल्या पंधरा दिवसांत सगळा प्लॉट पांढराफेक पडला. भुरीनं. कामाला एक बाई हाय, नकोशी. तिनं ड्रमात कायतरी कालवलं.”

“का कालवेल?”

“डोस्क्यात हवा! दिवाळीत माझा सत्कार झाला, तर म्हणती कशी, ‘मालक, माझं बी नाव घ्या की.’” मोहनराव स्वतःच हसले. “मी म्हणलं, तुझं नाव माइकवर घेतलं तर लोकांला वाटंल मी कुणाला हाकलतोय. तेवढं मनाला लावून घेतलं बघा.”

आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

“परवा शनिवारी कृषी केंद्राची माणसं येणार. जिवाणूचं मूळ कल्चर त्यांचं. बिघडलं कसं म्हणून इचारतील. तवा तुमचा कागद पुढं ठेवायचा. रविवारी बाई खोली रिकामी करंल. पॉलिहाउसवाल्यांच्या ग्रुपवर मी आधीच टाकलंय, हिला कुणी कामावर घिऊ नका म्हणून.”

“तिचं कोण आहे?”

“एक पोरगी हाय. दहावीला.”

“परीक्षा महिन्यावर आली,” जोतीराम म्हणाला.

“मग तिनं इचार करायचा हुता,” मोहनराव म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. “मला डेअरीवर जायचंय. चेअरमन हाय मी दूध संस्थेचा. थंडी पडू द्या, गाय आटू द्या, चेअरमनच्या घरचं कॅन आजपतूर कधी कमी भरलं न्हाय!”

जयवंताने वहीत काहीतरी लिहिलं. जोतीरामने वाकून पाहिलं. ‘दही,’ असं लिहिलं होतं. त्याखाली, ‘कॅन.’

*

पॉलिहाउस आतून बघवत नव्हतं. दोरीवर चढवलेले वेल माणसाच्या उंचीचे, आणि पानापानांवर पांढरी भुकटी, कुणी पिठाची चाळण वरून झाडावी तशी. जोतीरामने एका पानाला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

“हा ड्रम,” मोहनरावांनी दारातल्या पिंपाचं झाकण रुबाबात उघडलं. “हितं माझा सगळा प्रयोग चालतो.”

आत चुन्याची निवळी होती.

“मालक, तो न्हवं,” कोपऱ्यातून आवाज आला. “तिकडला. निळा.”

“तेच म्हणतोय मी!” मोहनराव झाकण आपटून म्हणाले. फोन वाजल्याचं निमित्त करून ते बाहेर गेले, ते गेलेच.

नकोशी पस्तिशीतली असावी. अंगावर पुरुषाचा शर्ट, डोक्याला फडकं, हातात हिरव्या बांगड्या. जोतीरामने त्या बांगड्या ओळखल्या आणि का कोण जाणे, त्याला एकदम अपराध्यासारखं वाटलं.

“आमी तुझ्याविरुद्ध नाही,” तो म्हणाला.

“आपण कुणाच्याच बाजूनं नाही,” जयवंता म्हणाली. “नकोशी, तू हे जिवाणू करतेस कसे? पहिल्यापासून सांग.”

“सोमवारी बादलीत विरजण लावते. केंद्रातनं आणलेलं कल्चर हाय, ते मी बाटलीत जित्तं ठेवलंय. बादलीत धा लिटर पाणी, गूळ, दोन लिटर दूध, आन् बाटलीतलं कपभर. बुधवारी त्याला फेस येतो, असा टचटचून, आंबूस वास सुटतो. मग बादली ड्रमात. शुक्रवारी ड्रम पिकाला. मुळाला बी आन् पानाला बी.”

“आणि त्यानं भुरी कशी थांबते?” जोतीरामने विचारलं.

नकोशीने त्याच्याकडे पाहिलं. “एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरत्यात न्हाय का? तसं. चांगल्यांनी आदी जागा धरली, की भुरीला बसाय मिळत न्हाय. वर धक्काबुक्की बी करत्यात ते.”

जोतीरामला आयुष्यात पहिल्यांदा शेतीतलं शास्त्र कळलं.

“मग बिघडलं कधी?”

“तीन सोमवार झालं. पयल्या सोमवारची बादली बुधवारी बघितली, फेसच न्हाय. हलवली, उन्हात ठेवली. नुस्तं गुळाचं पाणी. मालकांना सांगितलं, ‘बादली मेलीय, ओतू नगा.’ ते म्हणलं, ‘शुक्रवार चुकवायचा न्हाय, मार.’ मग पुढल्या सोमवारी बी तसंच. ह्या सोमवारची बी तसलीच निघाली.”

“बाटलीतलं कल्चरच मेलं असेल.”

“न्हाय बाई. मला बी तेच वाटलं. म्हणून परवा मी थोडं गुळाच्या पाण्यात टाकून ठिवलं, माझ्या खोलीत. हे बघा.” तिने शेल्फावरची काचेची बरणी पुढे केली. तोंडावर फडकं बांधलेलं. आत पांढरा फेस गळ्यापर्यंत चढला होता.

जयवंताने बरणीचा वास घेतला, मग निळ्या ड्रमाचा. बरणीला आंबूस वास होता. ड्रमाला गुऱ्हाळासारखा, नुसता गोड.

जोतीराम ड्रमाभोवती फिरून आला. त्याने जयवंताच्या कानात सांगितलं, “बाहेरून हिरवा-निळा डाग आहे. मोरचूद! मोरचुदानं जिवाणू मरतात, मी ऐकलंय.”

“तो डाग जुना हाय,” नकोशी म्हणाली; तिचे कान तिखट होते. “आदी डाळिंबावर फवाराय ह्योच ड्रम हुता. ज्ञानेश भाऊंनी दिलेला. आतनं मी घासून काढलाय. तीन वरसं ह्याच्यातच तर करते.”

“ज्ञानेश भाऊ कोण?”

“मालकांचा भाचा. इंदापुरात औषधांचं दुकान हाय त्याचं.”

जोतीरामने जयवंताकडे विजयी नजरेने पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

“बादलीत पाणी कुठलं?”

“बोरचं. बरणीतलं बी बोरचंच.”

“गूळ?”

“एकाच ढेपेतला, बादलीला बी, बरणीला बी.”

“दूध?”

“घरनं. वैनी सोमवारी मागल्या दारानं तांब्या देत्यात. मी आत जात न्हाय. गोठ्याकडं बी न्हाय.” ती जराशी थांबली. “बाई, मी जाईन हितनं. पर माझी चूक कुठं झाली ते मला दाखवा. एवढंच म्हणलं मी मालकांना, त्याचा त्यांना राग आला. उद्या दुसऱ्याच्या प्लॉटवर गेले, तर तितं पुन्यांदा तीच चूक हुईल की.”

जोतीरामने चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

*

गोठ्यात जायला अनिताने आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, मग स्वतः पुढे झाली. चार गाई ओळीत होत्या. पाचवी, काळी-पांढरी, लांब कोपऱ्यात बांधलेली.

“ही वेगळी का?”

“चांदणी मारकी हाय.”

चांदणीने मान वळवून जोतीरामचा हात चाटला. तो कान खाजवत राहिला. तिने डोळे मिटले. इतकी मारकी गाय त्याने कधी पाहिली नव्हती, पण हे त्याला पुढे घरी गेल्यावर सुचलं.

जयवंता खाली वाकून चांदणीच्या कासेकडे बघत होती. मागचा एक सड सुजून लाल झाला होता. हात लावायला गेली, तशी गाय पाय झाडून बाजूला झाली.

“शेणाचा खड्डा कुठं आहे?”

“तितं काय बघायचंय?” अनिताचा आवाज चढला.

“ह्यांना बघायचाय,” जयवंता म्हणाली. जोतीरामला शेणाचा खड्डा मुळीच बघायचा नव्हता. तरी तो गेला, आणि जाताना चपलेखाली काहीतरी कडकन मोडलं. उचलून पाहिलं तर पांढरी प्लॅस्टिकची पिचकारी, करंगळीएवढी, पुढे निमुळतं लांब टोक.

“पेनाचं टोपण आहे,” तो म्हणाला आणि टाकून देऊ लागला.

“खिशात ठेवा.”

“शेणातलं?”

“खिशात.”

अनिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. “बाई, नकोशीला खरंच काढतील का ओ?”

“कागद तर तसाच मागितलाय. तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटून काय हुतंय?” ती म्हणाली आणि घमेलं उचलून निघून गेली.

रंगूबाई, मोहनरावांची आई, स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून बसली होती. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. जयवंताने तिच्याकडे तांब्याभर दूध मागितलं, म्हणाली, “माझ्या हातानं दही लागतंय का बघते.”

“ने बाई, ने! चांदणीचंच हाय, घरात तेवढंच ऱ्हातंय आता. बाकी समदं कॅनात. पूर्वी घरचं आदी आन् डेअरी मागनं. आता चेअरमनकी आलीया न्हवं घरात.” म्हातारीने तांब्यावर ताटली झाकली. “अनिता म्हणती, गाईनं कसला पाला खाल्ला असंल. पाल्यानं कुठं विरजण मरतंय व्हय?”

*

इंदापूरपर्यंत जोतीराम तांब्या मांडीवर घेऊन बसला आणि जयवंता गाडी चालवत होती. मोठ्या गाड्या चालवलेल्या माणसाला हे खुपतं, पण तांब्या डुचमळू न देण्याचं काम तिने त्याच्यावर सोपवलं होतं.

“ज्ञानेशच,” तो म्हणाला. “जिवाणू चालले की त्याची औषधं कोण घेणार? ड्रम त्याचा. डाग मोरचुदाचा. बघ तू.”

“ड्रमात जायच्या आधी बादली मेली होती. नकोशीनं सांगितलं तेव्हा तुम्ही कुठं होता?”

“डाग बघत होतो.”

“बघत बसा.”

ज्ञानेशचं दुकान हायवेपासून आत, तहसील कचेरीच्या रस्त्याला. कपाटं भरून बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर एकेक तुकतुकीत टोमॅटो. ज्ञानेश कृषी पदवीधर, तिशीचा, कपाळावर घाम. गळ्यात ओळखपत्र का घातलं होतं, ते कळत नव्हतं. दुकान त्याचंच होतं.

“मामांचा प्लॉट पाहिला तुम्ही?”

“मीच पाहिला पहिल्यांदा. भुरी दिसायच्या आधी. ड्रमाचा वास घेतला आणि कळलं, हे मेलेलं आहे.”

“तुम्ही कल्चर बिघडवलंत का?” जोतीरामने एकदम विचारलं. त्याने सिनेमात असं पाहिलं होतं.

ज्ञानेश हसला नाही. “काका, माझा धंदा बुडत नाही त्या बादलीनं. उलट मी तेव्हाच म्हटलं होतं, की त्यात दूध घालायचं कशाला, गूळ पुरतो...” तो थांबला. त्याने काउंटरवरची पावती पुस्तकं नीट लावली. ती आधीच नीट होती.

“दुधाचं मी विचारलंच नव्हतं,” जयवंता म्हणाली.

“जनरल बोललो.”

“हे दुकान कुणाच्या जागेत आहे?”

“मामांच्या गाळ्यात.”

“बरं,” ती म्हणाली. “नकोशीला ओळखता?”

“मला विचाराल तर बी.एस्सी.च्या चार वर्षांत मला जे कळलं नाही ते तिला कळतं.” तो हळू आवाजात म्हणाला आणि लगेच इकडेतिकडे बघून पुढे म्हणाला, “हे लिहू नका.”

बाहेर आल्यावर जयवंता बोनेटला टेकून उभी राहिली. “अशी माणसं बघितली की मला मेलेल्या बैलांची आठवण येते. बैल निदान सांगू शकत नव्हते.”

मग तिने नकोशीला फोन लावला. “तीन बरण्या धुऊन ठेव. येताना तुला दोन तांब्ये आणून देते.”

परतीच्या वाटेवर वस्तीच्या आधी एका घरी थांबून तिने दुसऱ्याच गाईचं दूध मागून घेतलं. पाटापलीकडे ते दोन्ही तांब्ये नकोशीकडे पोचवले. दोन्हींतलं वाटी-वाटी आपल्याबरोबर आणलं आणि बारामतीत घरी आल्यावर त्यांना एकाच विरजणाचं बोट लावून फडताळात ठेवलं. शुक्रवारी सकाळी जोतीराम वाट्यांकडे हात नेऊ लागला, तर ती म्हणाली, “खायच्या नाहीत. पुराव्याच्या आहेत.”

*

शनिवारी ओसरीवर सतरंजी अंथरली होती. कृषी केंद्रातून एक मॅडम आणि त्यांचे सहकारी आले होते. ज्ञानेशला बोलावून घेतलं होतं. अनिता दाराच्या चौकटीत, रंगूबाई तिच्या पायाशी. नकोशी अंगणात उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. जोतीरामने आपली खुर्ची उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवली आणि स्वतः खांबाला टेकला. ती बसली नाही. खुर्ची तशीच राहिली.

“वाचा कागद,” मोहनराव म्हणाले.

“कागदाच्या आधी ह्या,” जयवंताने येताना नकोशीकडून घेतलेल्या तीन बरण्या पिशवीतून काढून सतरंजीवर मांडल्या. “गुरुवारी संध्याकाळी नकोशीनं लावलेल्या. तिन्हींत कल्चर एका बाटलीतलं, पाणी एका बोरचं, गूळ एका ढेपेचा. पहिलीत दूध नाही. दुसरीत शेजारच्या वस्तीवरच्या गाईचं दूध. तिसरीत ह्या घरचं.”

पहिल्या दोन बरण्यांचं फडकं फेसाने वर उचललं होतं. तिसरीत गढूळ गोड पाणी होतं.

“बरण्या तिनंच लावल्या! तीच खोटं करणार!” मोहनराव गरजले.

“म्हणून ह्या मी लावल्या.” जयवंताने दोन वाट्या पुढे केल्या. एकीत घट्ट दही. दुसरीत पाणचट दूध. “ह्यात नकोशीचा हात लागलेला नाही. एकच विरजण, एकाच फडताळात. शेजारच्या दुधाचं दही झालं. ह्या घरच्या दुधाचं झालं नाही.”

“मी म्हणत न्हवते?” रंगूबाई म्हणाली.

“तुम्हीच म्हणत होतात, आजी. मी इथं आल्या आल्या पहिलं वाक्य कानावर पडलं ते तुमचं. पंधरा-सतरा दिवस दही लागत नाही. बादली मेली त्यालाही तीन सोमवार, म्हणजे तेवढेच दिवस. विरजण म्हणजे जिवाणू, नकोशीच्या बादलीतलेही जिवाणू. एका घरात एकाच वेळी दोन्ही मरतात, तर त्यांना मारणारं एकच असणार. स्वयंपाकघरात आणि बादलीत दोन्हीकडे जाणारी एकच वस्तू आहे. दूध.”

मॅडम पुढे सरकून बसल्या.

“आता दुधात काय होतं? अहो, तुमचं पेनाचं टोपण काढा.”

जोतीरामने रुमालात गुंडाळलेली पिचकारी काढली. गेले दोन दिवस ती त्याच्या खिशात होती आणि तो जेवताना डावा हातच खिशात घालत होता.

“हिला दगडी झालेल्या, म्हणजे कास सुजलेल्या गाईच्या सडातून औषध सोडायला वापरतात. मी अशा शेकडो पाहिल्यात, विम्याच्या वेळी लोक खड्ड्यात लपवत. चांदणीचा मागचा सड सुजलाय. ती मारकी म्हणून बाजूला नाही. तिचं दूध बाकीच्यांत मिसळू नये म्हणून बाजूला आहे. औषध चालू असताना आणि नंतर काही दिवस ते दूध डेअरीला चालत नाही, हे चेअरमनला माझ्यापेक्षा जास्त माहीत. डॉक्टरांनी सांगितलंच असेल. पण फाटकावर पाटी आहे. औषधमुक्त गोठा. आता पाटी उतरवायची की दूध लपवायचं?”

“गाय आजारी पडली, ह्यो गुन्हा हाय का?” मोहनराव म्हणाले.

“नाही. गाईचं मला वाईट वाटतं. पण चेअरमनच्या घरचं कॅन कमी भरलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, एक गाय कुठं गेली? म्हणून चार गाईंचं घरातलंही दूध कॅनात गेलं आणि घरात राहिलं चांदणीचं. पाहुण्यांना ते देववेना, म्हणून चहा कोरा. वहिनी, तुम्हाला देववलं नाही, ह्याबद्दल मी तुम्हाला थोडे मार्क देते. सासूला मात्र दिलंत.”

अनिताने मान खाली घातली. रंगूबाई सुनेकडे नाही, मुलाकडे बघत होती.

“राहिला सोमवारचा तांब्या. ओतून द्यायचं दूध नकोशीच्या बादलीत. औषधानं गाईच्या कासेतले जिवाणू मारले, दह्याचे मारले, बादलीतलेही मारले. ते काय चांगले-वाईट बघतं? भुरीला तीन आठवडे मोकळी सीट मिळाली.”

“म्हणजे चुकून झालं,” मॅडमचे सहकारी म्हणाले.

“पहिल्या सोमवारी चुकून. ती चूक मी माफ केली असती. पण ज्ञानेशरावांनी ड्रमाचा वास घेतला, चौकशी केली आणि दूध म्हटलं. मला बोलता बोलता ते निसटलं त्यांच्या तोंडातून. हो ना?”

ज्ञानेश ओळखपत्राच्या दोरीशी खेळत होता. “मामांना सांगितलं होतं मी,” तो कसाबसा म्हणाला. “दुसऱ्या सोमवारच्या आधी.”

“आणि तरीही दुसऱ्या आणि तिसऱ्या सोमवारी तोच तांब्या गेला. कारण तांब्या बदलला असता तर चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यापेक्षा प्लॉट गेला तरी चालेल, फक्त तो दुसऱ्या कुणाच्या तरी हातून गेला पाहिजे.” जयवंताने चष्मा वर सरकवला. “मोहनराव, मी आयुष्यात पुष्कळ लबाड बघितले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून शेजारणीवर फिर्याद करणारा पहिलाच. विष नाही, सूड नाही. घरची तीन शहाणी माणसं, तिघांनाही दही का लागत नाही ते सांगायची लाज.”

मोहनराव उभे राहिले. चेहरा डोक्यावरच्या लाल फेट्याच्या रंगाचा झाला होता. “बायकांनी घोळ घातला घरात! मला काय ठावं कोण कुठलं दूध देतंय? अनिता, कुणी सांगितलं हुतं तुला?”

गोठ्यात चांदणी हंबरली.

“तुमी,” अनिता म्हणाली. आवाज बारीक होता, पण ओसरीभर ऐकू गेला. “तिन्ही वेळा तुमीच. ‘न्हायतरी ओतूनच द्यायचंय, तिच्या बादलीत घाल,’ म्हणला. दुसऱ्या वेळी मी नगं म्हणलं, तवा माझ्या हातातनं तांब्या घेऊन तुमी सोता दारापातूर गेला.”

मॅडमनी वही उघडली. त्या मोठ्याने बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. “आम्हाला नोंद करायची आहे. कल्चर चांगलं होतं, एवढं सिद्ध झालं. पुन्हा बादली लावून प्लॉट वाचतो का बघू. मोहनराव, प्रयोग तुमचा. बादली किती तास ठेवता? फेस साधारण कधी धरतो? थंडीत गूळ वाढवता की तेवढाच?”

मोहनरावांनी तोंड उघडलं. मग सवयीने नकोशीकडे पाहिलं.

तीन वर्षं अशा वेळी ती मागून हळूच आकडा सांगत आली होती. आज ती जोतीरामच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि बोलली नाही. ज्ञानेश जमिनीकडे बघत होता, अनिता भिंतीवरच्या सतरा फोटोंकडे. जोतीरामला वाटलं, कुणीतरी बोलावं बुवा. पण जयवंताने त्याच्या पायावर पाय ठेवला होता.

रंगूबाई चौकटीला धरून, गुडघ्यांना शिव्या देत, उठून उभी राहिली.

“त्याला काय इचारता, बाई? जलमात त्यानं त्या ड्रमाचं झाकण उघडलं न्हाय. काकडी नकोशीची हाय. पयल्यापासनं तिचीच हाय. माझ्या ल्योकाला ह्यातलं काय बी येत न्हाय.”